आत ठेवलेली माया

‘सिक्स्टीज लूक’ असं फोनवर शोधलं की ठरावीक चित्रं समोर येतात. उंच फुगवलेले केस, कपाळावर साधना कट, डोळ्याच्या कोपऱ्यातून बाहेर ओढलेली काजळाची रेघ, अंगाला घट्ट बसणारा बिनबाह्यांचा कुडता आणि खाली चुडीदार. साडी असेल तर ब्लाउजची बाही आखूड, गळा वरपर्यंत आणि हुक पाठीला. गेल्या काही वर्षांत हे सगळं पुन्हा शिवलं जातंय. आईची किंवा आजीची जुनी साडी शिंप्यापुढे ठेवून ‘असंच शिवून द्या’ म्हणत फोनमधला फोटो दाखवणाऱ्या चार-पाच जणी माझ्या ओळखीतच आहेत. मीही त्यांच्यातलीच. आठवडाभर सॉफ्टवेअर लिहिते, शनिवार-रविवार शिवणाच्या मशीनवर बसते.

फोटोवरून कपड्याचा आकार कळतो. तो कपडा ज्या काळात शिवला, त्या काळात कापडाशी माणसांचं नातं काय होतं, हे मात्र फोटोत दिसत नाही. मुंबईच्या स्टुडिओत हे रूप घडत होतं तेव्हा पुण्यापासून बसने जेमतेम तास-दीड तासावर असलेल्या गावात लोक काय घालत होते, काय उसवत होते, कशाचं काय करत होते? गाव म्हणून मी आमचं कामथडी घेते. भोर तालुक्यात, पुणे-सातारा रस्त्यावर, नसरापूर-कापूरहोळच्या पट्ट्यात. इथल्या कपड्यांचा कुणी इतिहास लिहिलेला नाही. पण कपडे स्वतःच बरंच काही सांगतात. त्यासाठी त्यांची शिवण उलटी करून बघावी लागते.

सुई न लागणारे कपडे

साठच्या दशकाच्या सुरुवातीला भोर-वेल्ह्याकडच्या एखाद्या शेतकरी घरातल्या कपड्यांची यादी केली असती, तर त्यातलं बरंचसं कापड न शिवलेलंच निघालं असतं. पुरुषांचं धोतर, उपरणं, पटका. बायकांचं लुगडं. शिवलेलं म्हणाल तर पैरण, बंडी, चोळी, टोपी, पोरींचं परकर-पोलकं आणि शाळेत जाणाऱ्या पोराची चड्डी. त्याच्या आधीच्या काळात शिवलेला, मापाचा, अस्तराचा कपडा म्हणजे मुख्यतः दरबाराची आणि कचेरीची गोष्ट होती. १९४८ साली मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत भोर हे पंतसचिवांचं संस्थान होतं. काखेत चौबगले घातलेला, बंदांनी बांधायचा अंगरखा राजवाड्यावर दिसायचा, बांधावर नाही.

गावगाड्याच्या रचनेतही हे दिसतं. बारा बलुतेदारांच्या प्रचलित यादीत सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट आहेत, शिंपी नाही. तो येतो अलुतेदारांत, म्हणजे ज्यांच्यावाचून गावाचं रोजचं काम अडत नाही अशांमध्ये. शिंपी समाजात संत नामदेवांसारखा माणूस होऊन गेला, सुई-कात्री महाराष्ट्राच्या भक्तीच्या भाषेत शिरली, तरी गावाला नांगराचा फाळ जसा वेळेवर लागायचा तशी शिलाई लागत नव्हती. याचं कारण मला साधं वाटतं. अंगावरचं मुख्य वस्त्र नेसायचं होतं, शिवायचं नव्हतं.

नऊवारी लुगडं म्हणजे नऊ वार, सत्तावीस फूट, आजच्या मापात सव्वाआठ मीटर कापड. त्यात एकही काप नाही, शिवण नाही. ते सासूला बसतं आणि सुनेलाही. गरोदरपणात बसतं, बाळंतपणानंतर बसतं. भाताच्या लावणीला गुडघ्याच्या वर खोचता येतं आणि देवळात जाताना घोट्यापर्यंत सोडता येतं. मापाचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण माप रोज सकाळी नेसताना नव्याने घेतलं जातं.

आणि लुगडं झिजायला लागलं की त्याचीही एक ठरलेली रीत होती. नऊवारी सगळीकडे सारखी झिजत नाही. बसण्या-उठण्याने, कासोट्याच्या ओढीने तिचा मधला भाग आधी विरतो. दोन्ही टोकं धड असतात. तेव्हा विरलेला पट्टा कापून काढायचा आणि उरलेले दोन तुकडे एकमेकांना शिवून टाकायचे. याला दंड घालणं म्हणतात. शिवण उंचवटा होऊन टोचू नये म्हणून दोन्ही काठ एकमेकांत मुडपून बारीक टाक्याने बसवतात. दंड घातलेलं लुगडं म्हणजे गरिबीची खूण होती, आणि ते नेसून बाहेर जायचं तर दंड निरीच्या आत लपेल असं नेसावं लागायचं. आज ज्याला आपण कौतुकाने ‘रिस्टाइलिंग’ म्हणतो त्याचं आमच्याकडचं सर्वांत जुनं रूप हेच असावं. ते लपवण्यासाठी केलेलं होतं, दाखवण्यासाठी नव्हे.

खणातून निघणारी चोळी

लुगड्याखालची चोळी मात्र शिवलेली असायची, आणि तिची रचना फार हुशारीची आहे. ती खणाची. खण हे मूळचं कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या मागांवरचं कापड. अरुंद पन्ह्याचं, अंगात बारीक नक्षी असलेलं, दोन्ही बाजूंना रेशमी काठ. ते एका चोळीपुरतं कापूनच विकलं जायचं, म्हणून त्या तुकड्याचंच नाव खण पडलं. ओटी भरताना नारळाबरोबर खण देतात तेव्हा प्रत्यक्षात एक न शिवलेली चोळीच दिली जाते. गावोगावच्या बायकांच्या पेट्यांत अशा न शिवलेल्या चोळ्या घडी घालून साठायच्या.

चोळी कापताना कापड वाया जाऊ द्यायचं नाही हा पहिला नियम. म्हणून तिचे भाग बहुतेक सरळ रेषांचे: चौकोन, पट्ट्या, त्रिकोण. काठ बाहीला आणि खालच्या पट्टीला येईल असा कापड फिरवून घ्यायचा. काखेत हालचालीला जागा हवी म्हणून वेगळा तुकडा जोडायचा. पुढे गाठ. हुक नाही, बटण नाही. बाई थोडी जाड झाली किंवा वाळली तर गाठ सैल किंवा घट्ट बसते. चोळी तीच राहते.

ब्लाउज याच्या अगदी उलट वागतो. त्याला मुंढ्याचा गोल काप लागतो, गळ्याचा गोल काप लागतो, छातीला टक्स घ्यावे लागतात, हुक ठरलेल्या जागी येतात. गोल कापला की तुकडे वाया जातात. आणि मापाचा ब्लाउज एका विशिष्ट वर्षाच्या, एका विशिष्ट अंगाचा होतो. गावात आधी तो घातला कुणी? शिक्षिका, नर्सबाई, ग्रामसेविका, पुण्याहून लग्न होऊन आलेली सून. गोल पाचवारी साडी आणि ब्लाउज म्हणजे शिकलेली बाई, असं समीकरण तयार झालं. १९५९च्या ‘सांगत्ये ऐका’ने पुण्याच्या विजयानंद टॉकीजमध्ये १३१ आठवडे मुक्काम ठोकला, त्या पडद्यावर नऊवारीची ऐट होती. पण पडद्यासमोर बसलेल्या तरुण मुली हळूहळू पाचवारीकडे निघाल्या होत्या. आज आपण पूर्वीचं म्हणून मिरवतो तो आखूड बाह्यांचा, टक्सचा ब्लाउज त्या पिढीसाठी नवाकोरा, थोडा धीटपणाचा कपडा होता.

मशीन, वर्ग आणि एक शब्द

मापाचा कपडा गावात यायचा तर मशीन हवं. अमेरिकेत एलियस होवने १८४६ला आणि आयझॅक सिंगरने १८५१ला पेटंट घेतलेलं हे यंत्र एकोणिसाव्या शतकातच भारतात पोचलं. १९३०च्या दशकात कलकत्त्यात ‘उषा’ मशीन बनायला लागलं आणि स्वातंत्र्यानंतर ते मध्यमवर्गीय घरांत शिरलं. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली एका संभाषणात शिवणयंत्राला अपवाद केलं होतं. हाताने शिवण्याचे बायकोचे कष्ट वाचावेत म्हणून सिंगरने ते घडवलं, त्यामागे प्रेम आहे, असा त्यांचा मुद्दा होता.

मशीनची टीप दोन दोऱ्यांची असते. वरचा दोरा सुईतून येतो, खालचा बॉबिनमधून, आणि कापडाच्या मधोमध दोघे एकमेकांना अडकतात. हाताचा धावदोरा एका टोकाला ओढला की सरसर निघतो. मशीनची टीप तशी निघत नाही. दर चार-पाच टाक्यांना एक टाका कापत, धीराने उसवावी लागते. म्हणजे मशीनने शिवणं वेगवान केलं आणि उसवणं कष्टाचं केलं. या विरोधावर शिवणाऱ्यांनी काढलेला तोडगा पुढे येतोच.

बायकांना शिवण शिकवण्याची व्यवस्था पुण्यात आधीपासून होती. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली सुरू झालेल्या पुणे सेवासदनात शिवण-विणकाम हा शिक्षणाचाच भाग होता, कारण विधवा आणि परित्यक्ता बाईला स्वतःचं पोट भरता यावं असा हेतू होता. मुंबईच्या झारापकरांच्या पुस्तकांनी आणि वर्गांनी कापण्याचं शास्त्र मराठीत आणलं. १९५२ साली सामूहिक विकास योजना आली, तिच्याबरोबर ग्रामसेविका आणि महिला मंडळं आली, आणि महिला मंडळ म्हटलं की शिवणवर्ग हे गणित गावांतही रुजलं.

या वर्गांचं महत्त्व मला एका छोट्या गोष्टीत दिसतं. गावातला शिंपी पुरुष. बाईने त्याला माप द्यायचं म्हणजे अवघड. म्हणून मापाला जुना ब्लाउज द्यायची पद्धत पडली, ती आजही आहे. जुन्या ब्लाउजवरून नवा, त्यावरून पुढचा. नक्कलेची नक्कल होत कपडा अंगापासून दूर जात राहतो. कुठे काखेत आवळतो, कुठे खांद्यावरून उतरतो. वर्गात शिकलेल्या बाईने शेजारणीच्या अंगावर टेप लावली तेव्हा पहिल्यांदा त्या शेजारणीचं स्वतःचं माप कागदावर आलं. छाती, कंबर, उंची, मुंढा, बाही. देशात १९५६च्या कायद्यानंतर वार जाऊन मीटर आला, कापड मीटरवर विकलं जाऊ लागलं, पण शिवणाचं माप इंचातच राहिलं आणि साडीचं नाव वारातच. या तीन मापांची सरमिसळ आजही कुठल्याही शिंप्याच्या वहीत सापडेल.

वर्गात शिकवलेली पद्धत अशी: छातीचं माप घ्यायचं, त्याचे चार भाग करायचे. ३२ इंच छाती असेल तर चौथा भाग आठ इंच. वर्तमानपत्राच्या कागदावर आठ इंच मोजायचे, सैलपणा धरायचा आणि मग बाहेरच्या कडेला आणखी इंच-दीड इंच सोडून कापायचं. या सोडलेल्या कापडाला शिवणाच्या मराठीत माया म्हणतात. ‘माया किती ठेवू?’ असं शिंपी विचारतो. हिशेबाचा, कात्रीचा शब्द आहे तो. पण ज्याने पहिल्यांदा वापरला त्याला त्याचा दुसरा अर्थ माहीत नसेल असं मला वाटत नाही.

मायेचं गणित करून बघा. ब्लाउजच्या दोन्ही बगलांना पुढचा आणि मागचा असे मिळून चार काठ येतात. प्रत्येक काठाला दीड इंच माया ठेवली आणि पुढे उसवून टीप अर्ध्या इंचावर घेतली, तर प्रत्येक काठ एक इंच सुटतो. एकूण चार इंच. म्हणजे ३२चा ब्लाउज ३६च्या अंगाला होतो. अट एवढीच की बाहीच्या शिवणीतही तितकीच माया हवी, नाहीतर सगळं मुंढ्याशी येऊन अडतं. पोरीच्या फ्रॉकला खाली दोन-तीन आडव्या चुण्या घालून ठेवायच्या आणि दर वर्षी एक सोडायची, हाही तोच हिशेब. सोडलेल्या चुणीच्या जागी कापडाचा रंग गडद राहतो. त्या रेघा मोजल्या की पोरगी किती वर्षं तो फ्रॉक वापरत होती हे कळतं. आमच्याकडे आजीचं वाक्य होतं: “आत माया ऱ्हाऊ दे गं, पोर वाढतीया.”

मशीनच्या पक्क्या टिपेने कपडा बंद केला होता. मायेने तो पुन्हा उघडता येईल असा ठेवला. त्या काळातल्या घरगुती शिवणाचं सगळं शहाणपण मला यात दिसतं. त्यामागे हौस थोडी आणि टंचाई फार होती. दुसऱ्या महायुद्धात कापडावर नियंत्रण आलं होतं, रेशनचं कापड आलं होतं. १९६४ साली पुन्हा गिरण्यांना धोतर, साडी, लाँगक्लॉथ, शर्टिंग आणि ड्रिल अशा पाच प्रकारचं स्वस्त कापड ठरावीक भावात काढणं सक्तीचं झालं. त्यात मधेच पाऊस दगा द्यायचा. भोर-वेल्ह्याकडची कितीतरी माणसं मुंबईला कामाला होती, त्यांच्याबरोबर सुट्टीत येणारा कटपीसचा गठ्ठा ही दिवाळी असायची. त्यातल्या प्रत्येक तुकड्याचं काय होईल हे तो यायच्या आधीच ठरलेलं असायचं.

कोल्हापूरची भानुमती

आता त्या चित्रांकडे येऊ. फोनवर दिसणाऱ्या सिक्स्टीज लूकमधला मोठा भाग एका मराठी बाईच्या हातचा आहे. भानुमती राजोपाध्ये, जन्म २८ एप्रिल १९२९, कोल्हापूर. वडील अण्णासाहेब चित्रकार होते, ते लवकर गेले. भानुमती मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकली, प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या चित्रकारांबरोबर तिची चित्रं प्रदर्शनात लागली. पोटापाण्यासाठी ती ‘ईव्ह्ज वीकली’त फॅशनची रेखाटनं करू लागली, मग कपडेच बेतू लागली, आणि पन्नासच्या दशकात सिनेमात आली. जगाला ती भानू अथैया म्हणून माहीत आहे. ‘गांधी’ चित्रपटासाठी १९८३ साली जॉन मोलो यांच्याबरोबर तिला ऑस्कर मिळालं. ते मिळवणारी ती पहिली भारतीय.

१९६५च्या ‘वक्त’मध्ये साधनाच्या अंगावरचे ते घट्ट, बिनबाह्यांचे कुडते आणि चुडीदार भानू अथैयांचे. चुडीदार हा काही नवा कपडा नव्हता, जुन्या दरबारी चित्रांत तो आहेच. नवं होतं ते कापणं. अंगरखा आणि जुना कुडता सरळ तुकड्यांचा, काखेत चौबगला लावून सैल केलेला. ‘वक्त’मधला कुडता टक्स घेऊन, बगलेला आत वळवून, अंगाच्या रेषेवर बसवलेला. म्हणजे ब्लाउजची कापण्याची पद्धत लांब कपड्याला लावलेली. लंडनमध्ये त्याच सुमाराला मेरी क्वांटचे झगे कंबर सोडून सरळ खाली उतरत होते. आपल्याकडे साठचं दशक उलट दिशेने गेलं, कंबरेला अधिकाधिक आवळत. ‘सिक्स्टीज’ या एका नावाखाली फोन या दोन्ही गोष्टी एकत्र दाखवतो, त्यामुळे शिवताना गोंधळ होतो. क्वांटच्या झग्याचा नमुना घेऊन साधनाचा कुडता होत नाही.

पुढच्याच वर्षी ‘आम्रपाली’साठी भानू अथैयांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा अभ्यास करून पोशाख केले, म्हणजे न शिवलेल्या वस्त्राचं रूप शिवून उभं केलं. आणि १९६८च्या ‘ब्रह्मचारी’त मुमताजची ती केशरी साडी. गाण्यात ती जोरात नाचते आणि साडी तसूभर हलत नाही, कारण ती नेसलेली नाही, शिवलेली आहे. तिला चेन आहे. एखादा स्कर्ट चढवावा तशी ती चढवायची.

हजारो वर्षं रोज सकाळी नव्याने बांधलं जाणारं वस्त्र एका चेनने कायमचं एका अंगाला बांधलं गेलं. कलाकृती म्हणून मला ते विलक्षण वाटतं. नाचणाऱ्या नटीला, दहा-दहा वेळा तेच दृश्य देणाऱ्या बाईला हा कपडा सोयीचाच होता. पण ती साडी मुमताजशिवाय कुणाला झाली असती?

ही रूपं कामथडीसारख्या गावात यायची ती गाळून-गाळून. जत्रेतल्या तंबूतला सिनेमा, न्हाव्याच्या दुकानातलं कॅलेंडर, पुण्याच्या लक्ष्मी रोडवरच्या दुकानांच्या काचा. चुडीदार-कुडता गावात यायला पुढची वीसेक वर्षं गेली. आली ती ब्लाउजची बाही. ती आखूड झाली, घट्ट झाली, पाठीला हुक आले. आमच्या घरातल्या त्या काळच्या ब्लाउजची बाही बाहेरून बघितली तर अगदी सिनेमातली आहे. उलटी करून बघितली की आत इंचभर माया आहे, हाताने टाचून ठेवलेली. बाहेर साधना, आत टंचाई. माझ्या लेखी हा खरा साठच्या दशकाचा कपडा.

जे उसवता येत नाही

याच दशकात ही साखळी तुटायलाही लागली, आणि ती तोडणारी गोष्टही ‘सिक्स्टीज’चीच होती: टेरीलीन. व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोन इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी १९४१ साली शोधलेला हा धागा १९६५च्या सुमाराला ठाण्यात ‘टेरीन’ नावाने बनू लागला. त्याआधी नायलॉन आलं होतंच. धुतलं की वाळतं, इस्त्री लागत नाही, घडी मोडत नाही, रंग जात नाही. दोनच कपडे असलेल्या माणसाला याचं मोल काय होतं, हे भरलेल्या कपाटापुढे उभं राहून कळणार नाही. लग्नात जावयाला टेरीलीनचा शर्ट मिळाला की मांडवात चर्चा व्हायची.

पण हे कापड सुईशी वेगळं वागतं. सुती कपडा उसवला की टिपेची भोकं एक-दोन धुण्यांत बुजतात. सिंथेटिक कापडात ती तशीच राहतात. त्यामुळे माया सोडून टीप बाहेर सरकवली तरी जुन्या टिपेची रेघ दिसतेच. चुलीची ठिणगी सुतीवर पडली तर भोक पडतं, नायलॉनवर पडली तर ते वितळून अंगाला चिकटतं.

आणि कपडा शेवटी जिथे जायचा तिथे हे कापड नीट जात नाही. लुगड्याचा उतरता प्रवास ठरलेला होता. लुगडं, मग दंड घातलेलं जुनेर, मग पोरीचा परकर, तान्ह्याचं दुपटं आणि झबलं, मग गोधडी, आणि सगळ्यात शेवटी पोतेरं. गोधडी म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक पसरून कडेपासून मध्याकडे चौकोनात फिरत जाणारा धावदोरा. वापराने मऊ झालेलं सुती कापडच त्याला लागतं: सुई सहज जाते, थर सरकत नाहीत, ऊब धरतात. आता सिंथेटिक साड्यांच्याही गोधड्या शिवतात आणि त्या रंगीत, छान दिसतात, पण थर निसटतात आणि उन्हाळ्यात पाठीला चिकटतात. जुन्या साड्या मग बोहारणीकडे गेल्या आणि त्यांच्या बदल्यात स्टीलच्या वाट्या, डबे आले. कपड्याचा पुढचा जन्म घराबाहेर गेला. तो कुठे होतो हे बघण्याचं कारण राहिलं नाही.

मग तयार कपडे आले, एस-एम-एल आले. आजच्या तयार कुडत्याची बगल उलटून बघा. पाव इंच कापड, कडेला इंटरलॉकचा दोरा. माया नाही, कारण तुम्ही वाढाल तेव्हा नवा घ्याल असं धरलेलं आहे.

कात्री लावण्याआधी

आज पुण्यात, दादरमध्ये शिवलेली नऊवारी सर्रास मिळते. कासोटा तयार, निऱ्या तयार, कंबरेला नाडी किंवा हुक. पाच मिनिटांत चढते. ज्या मुलीला नेसवायला घरात कुणी उरलं नाही तिला हीच नऊवारी परवडते, आणि लेझीम खेळताना ती सुटत नाही. मुमताजच्या त्या साडीचीच ही नात आहे. नव्या कापडाची शिवली तर माझी काही तक्रार नाही.

अवघड होतं ते जुन्याला कात्री लावताना. माझ्याकडे आजीचं एक इरकली लुगडं आहे, काळपट अंगाचं, लाल पदराचं. इरकलीचा पदर वेगळ्या ताण्याचा असतो. अंगाच्या धाग्यांत अडकवून जोडलेला. पदराचं रेशीम आधी विरतं, अंग टिकतं. मला त्याचा ‘वक्त’सारखा कुडता हवा आहे. सव्वाआठ मीटरातून तो आरामात निघेल, वर कापड उरेल. पण एकदा मुंढ्याचा गोल कापला की ते लुगडं पुन्हा कधीच लुगडं होणार नाही. सासूला, सुनेला, कुणालाही होणारं कापड एका २०२०च्या दशकातल्या, संगणकासमोर बसून बसून खांदे पुढे आलेल्या अंगाचं होईल.

म्हणून मी काही नियम करून घेतले आहेत, आणि ते त्याच काळातून घेतले आहेत. धड लुगड्याला कात्री लावायची नाही. ज्याला आधीच दंड घातलेला आहे किंवा ज्याचा मधला भाग गेलेला आहे, तेच घ्यायचं, आणि काप जुन्या दंडावरच आणायचा. विरलेलं कापड उजेडात धरून, हलकं ताणून बघायचं. चर्र आवाज आला तर ते अंगावर घालायच्या लायकीचं नाही, त्याचं अस्तर किंवा गोधडी. रेशमी पदर छातीवर घ्यायचा तर आतून सुती अस्तराला कच्च्या दोऱ्याने आधी टाचायचा. काठ कापायचा नाही, तो खालच्या घेराला येऊ द्यायचा. गळ्याला उरेब पट्टी त्याच कापडाची. टीप मोठी ठेवायची, म्हणजे उसवणाऱ्याचे हाल कमी होतात. आणि बगलेला दीड इंच माया, बाहीला तेवढीच.

शेवटच्या नियमावर शिंपी हसतात. ‘एवढी आत ठेवली तर कुडता बगलेत जाड दिसेल, फिटिंग येणार नाही.’ त्यांचं खरं आहे. फोटोतल्यासारखी सपाट, काटेकोर रेघ मायेने येत नाही. आत दुमडलेलं कापड थोडं फुगतंच. पण त्या काळातल्या घरी शिवलेल्या ब्लाउजांच्या बगला अशाच थोड्या जाड आहेत. सिनेमातल्या पोशाखाला एका चित्रपटापुरतं जगायचं होतं, घरातल्या ब्लाउजला धाकट्या बहिणीपर्यंत पोचायचं होतं. दोघांच्या शिवणीत तो फरक आहे. आमच्या कामातही हे कळायला वेळ लागतो: आज चालणारी गोष्ट लिहिणं सोपं, पुढे ती बदलायला बसणाऱ्या, आपल्याला कधीही न भेटणाऱ्या माणसासाठी जागा ठेवणं अवघड.

साठच्या दशकाचा कपडा शिवायचा असेल तर फोटो जरूर बघा, साधनाचे कुडते बघा, भानू अथैयांचं काम तर बघाच. आणि जमलं तर घरातल्या एखाद्या पेटीतला त्या काळचा ब्लाउज काढा. तो अंगात घालायच्या आधी उलटा करा आणि बगलेची शिवण बोटांनी चाचपा. आतला भाग बाहेरच्यापेक्षा रंगाने गडद असेल, कारण त्याने ऊन कमी पाहिलं. किती इंच आहे ते मोजा. तेवढंच आपल्या कपड्यात ठेवा.